दर्यावरचे आणि आभाळातले युद्ध: घरच्या माणसांनी सांगितलेले इथे लिहा

झुवारीकाठ

डिसेंबरात आमच्या वास्कोत दोन दिवस मोठे. ४ तारखेचा नौदल दिन आणि १९ तारखेचा मुक्तिदिन, १९६१ साली गोवा पोर्तुगीजांकडून सुटला त्याचा. आयएनएस गोमंतक या नौदल तळाच्या स्मारकावर पुष्पचक्रे वाहतात, भाषणे होतात, वर्तमानपत्रांत दरवर्षीचा मजकूर येतो. त्या मजकुरात जहाजांची नावे असतात, कप्तानांची असतात. बॉयलर रूममध्ये कोण उभे होते, तोफेखालच्या कोठारातून गोळे वर कोण देत होते, त्यांच्याबद्दल एक ओळ नसते.

मी चिखलीत राहतो. आमच्याकडे निवृत्त नौसैनिकांची घरे पुष्कळ. १९६१ साली जो विशीत होता तो आज ऐंशीच्या पुढे गेला आहे. ७१ सालच्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धातला विशीतला पंच्याहत्तरीला टेकला आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावरचे एक काका वारले. ६१ साली ते अंजदीवच्या मोहिमेत त्रिशूलवर होते. बाराव्याला त्यांचा मुलगा मला म्हणाला, "बाबा आम्हाला एवढंच सांगायचे, की मी पांढरं निशाण बघितलं होतं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १८ डिसेंबर १९६१ ला कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर त्रिशूल आणि म्हैसूर या जहाजांवरून खलाशांची तुकडी उतरली. बेटावर पांढरे निशाण फडकले, आणि आपले लोक पुढे गेल्यावर त्यांच्यावर गोळीबार झाला. सात नौसैनिक गेले. मग म्हैसूरच्या तोफांनी बेट भाजून काढले आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. काकांनी हे सगळे डोळ्यांनी पाहिले असणार. घरात पोचले ते एक वाक्य.

म्हणून हा धागा काढला. लढाईचा इतिहास नको, तो छापलेला आहे. तुमच्या माणसाने काय पाहिले, काय ऐकले, काय खाल्ले, कशाची धास्ती घेतली, ते लिहा. अर्धवट असले तरी चालेल.

फोंड्याची_माई

माझी आजी मुरगावची. तिची गोष्ट युद्धावर गेलेल्या माणसाची नाही, युद्ध दारात आले त्याची आहे.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आनफोरा हे इटालियन जहाज मुरगाव बंदरात आसऱ्याला येऊन राहिली होती. वर्षानुवर्षे तिथेच. आजी सांगायची की त्यांचे खलाशी बाजारात यायचे, अंडी नि केळी घ्यायचे, पोरांना ओळखायचे. ९ मार्च १९४३ च्या रात्री बंदरात एकदम उजेड झाला. सड्यावर माणसे धावली. जहाजे पेटली होती. आजीच्या वडिलांनी तिला खांद्यावर घेतले, आणि तिला आठवायचे ते एवढेच की रात्री पाणी तांबडे दिसत होते आणि मोठी माणसे काही बोलत नव्हती.

त्या रात्री खरे काय घडले ते गावाला कळले नाही. लोक म्हणत, जर्मनांनी आपणच आग लावली. त्यात अर्धे सत्य होते. इंग्रजांचा समज असा होता की एरेनफेल्सवरच्या छुप्या वायरलेसवरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांचे ठावठिकाणे पाणबुड्यांना कळवले जातात. तटस्थ बंदरात उघड हल्ला करता येईना, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले वयस्क गोरे व्यापारी आणि अधिकारी फीबी नावाच्या गाळवाहू बार्जमधून आले आणि रात्री जहाजावर चढले. ते पाहून जर्मनांनी आणि इटालियनांनी आपापली जहाजे पेटवून बुडवली. हे सगळे कित्येक वर्षे गुप्त राहिले. मला ते कळेपर्यंत आजी गेली होती. तिला सांगता आले असते तर काय वाटले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जुना_आर्टिफिसर

मी स्वतः होतो, म्हणून लिहितो. मूळ गाव पेडणे तालुक्यात. नौदलाच्या हवाई शाखेत यंत्रकारागीर. ७१ साली विक्रांत या विमानवाहू जहाजावर, सी हॉक या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये. त्या स्क्वाड्रनला व्हाइट टायगर्स म्हणतात, आमचे घर दाबोळी.

लोक मला विचारतात की युद्ध कसे दिसले. मला ते दिसलेच नाही. माझे काम हँगरमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या डेकच्या खाली. लोखंडी पेटाऱ्यासारखी जागा, बाहेरचा उजेड नाही, अंगाला केरोसीनचा वास, आणि उकाडा एवढा की पाना हातातून निसटायचा. आम्ही लढाई कानांनी केली. वर विमान फेकणारा कॅटपल्ट सुटला की सगळे जहाज हादरायचे. तो हादरा आम्ही मोजायचो. मग बराच वेळ काही नाही. मग विमान उतरून त्याचा हूक तारेत अडकला की डोक्यावर धाडकन आवाज आणि पाठोपाठ तार ओढली जातानाची घरघर. तेही मोजायचो. जेवढे हादरे गेले तेवढे धाडकन परत आले की मगच कोणीतरी पहिला शब्द बोलायचा. ४ डिसेंबरला सकाळी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारच्या धावपट्टीवर पहिला हल्ला झाला, आठ सी हॉक गेली होती. मोजताना आमच्यातला एक पोरगा बोटे दुमडत होता. शेवटचे बोट दुमडले तेव्हा त्याने हात तसाच मुठीत धरून ठेवला. त्याची ती मूठ मला अजून दिसते.

आणखी एक सांगतो, कारण कोणी सांगत नाही. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एक निकामी होता, भेगा पडल्या होत्या. त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. विमान उडवायला डेकवर समोरून वारा लागतो. दर्या शांत आणि वारा पडलेला असला की तो वारा जहाजाच्या वेगातूनच मिळवायचा, आणि वेग तर कमी. तेव्हा ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात तिथे, अधिकारी वाऱ्याची दिशा शोधत असायचे आणि खाली आम्ही विमानाचे एकेक पौंड वजन बघायचो. कॅटपल्ट वाफेवरचा. प्रत्येक उड्डाणाला वाफ जाते, आणि वाफ म्हणजे गोडे पाणी. त्यातून खारट हवेने विमानाला गंज चढतो म्हणून इंजिने आणि पंखही गोड्या पाण्याने धुवायचे. माणसांची आंघोळ खाऱ्या पाण्याची. साबण अंगाला लागायचा नाही, नुसता चिकटायचा. कोणी कुरकूर केली नाही हे खरे. केस मात्र तारेसारखे झाले होते.

घरी पत्र जायचे मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावरून. जहाज कुठे आहे ते लिहायचे नाही. आईला वाटत होते मी मुंबईत आहे. आम्ही तेव्हा बंगालच्या उपसागरात.

सागरवेडा

काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हादरे आणि धाडकन मोजण्याची गोष्ट मी कुठेच वाचली नव्हती.

एक गोष्ट इथल्या सगळ्यांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. जहाजे तीच आहेत. ६१ ला मुरगावच्या तोंडाशी पोर्तुगीज युद्धनौका आफोन्सो द आल्बुकेर्कशी जी बियास लढली, तीच ७१ ला ब्रह्मपुत्राबरोबर विक्रांतची राखण करत होती. अंजदीवला असलेली त्रिशूल ७१ ला ८ डिसेंबरच्या रात्री विनाश या क्षेपणास्त्र नौकेबरोबर कराचीवर गेली. म्हैसूर ७१ ला पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती, आणि ती आपल्याकडे येण्याआधी ब्रिटिशांची नायजेरिया होती. ६१ ला दीवसमोर उभी असलेली दिल्ली तर त्याहून जुनी. १९३९ च्या डिसेंबरात रिव्हर प्लेटच्या लढाईत ती अकिलीस या नावाने जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेशी लढली होती. ६१ आणि ७१ यांत दहाच वर्षांचे अंतर, म्हणजे एकाच जहाजावर दोन्ही वेळा असलेली माणसे असणार. कोणाच्या ओळखीत असा कोणी बियासवरचा आहे का?

शिरदोणची_वाट

आमचे घर शिरदोणला, झुवारीच्या मुखाशी. माझे बाबा १९६१ ला दहा वर्षांचे. ते सांगतात: सकाळी विमाने आली, बांबोळीच्या डोंगरावर बॉम्ब पडले, मग त्याच विमानांनी पोर्तुगीजांच्या मोठ्या जहाजावर बॉम्ब टाकले आणि जहाज आमच्या किनाऱ्याला येऊन लागले. गावातली पोरे जहाज बघायला धावली आणि आजोबांनी बाबांना माडाला बांधून ठेवले. हे शेवटचे अगदी खरे आहे, आत्याही सांगते.

नोंदवही

शिरदोणची_वाट, तुमच्या बाबांना मान देऊनच लिहितो. आल्बुकेर्कवर विमानांनी बॉम्ब टाकले नाहीत. १८ डिसेंबरला दुपारी बेतवा आणि बियास या फ्रिगेटींच्या तोफांनी तिला निकामी केले, मग तिच्या खलाशांनी ती किनाऱ्यावर चढवली. कप्तान आरागाव गंभीर जखमी झाले. बेतवाचे कप्तान गांधी नंतर त्यांना इस्पितळात भेटायला गेले होते. अशा चुका धाग्यात तशाच राहिल्या तर उद्या कोणीतरी त्या इतिहास म्हणून उचलेल. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, ऐकीव गोष्ट पुस्तकात शिरली की काढता काढता पिढी जाते. म्हणून माझे म्हणणे, प्रत्येक आठवणीखाली खरे काय ते लिहिले पाहिजे.

शिरदोणची_वाट

सर, मी बाबांना वाचून दाखवले. ते चिडले नाहीत, पण गप्प झाले. मग म्हणाले, "मला जे दिसलं ते मी सांगितलं."

झुवारीकाठ

नोंदवही सर, तुमची काळजी मला पटते. पण शिरदोणच्या किनाऱ्यावर उभे राहून बघा. मी काल मुद्दाम गेलो होतो. पाठीमागे बांबोळीचे पठार. तिथल्या वायरलेस केंद्रावर त्या दिवशी हंटर विमानांनी रॉकेटे आणि तोफा चालवल्या. समोर नदीपलीकडे दाबोळी. तिथल्या धावपट्टीवर कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले. आणि या दोन्हींच्या मध्ये, पाण्यात, ते जहाज. दहा वर्षांच्या मुलाच्या एका नजरेत हे तिन्ही मावते. धूर तीन ठिकाणी, आवाज चारी बाजूंनी, आणि तोफ कुठली नि बॉम्ब कुठला हे सांगणारा कोणी नाही. विमाने आली हे खरे, स्फोट झाले हे खरे, जहाज किनाऱ्याला लागले हे खरे. मुलाने ते एका दोरीत ओवले.

म्हणून माझी विनंती अशी: सांगणाऱ्याचे शब्द जसे आहेत तसे राहू द्या. दुरुस्ती वेगळ्या प्रतिसादात, वेगळ्या नावाने येऊ द्या, जशी सरांनी दिली. दोन्ही शेजारी राहिले की वाचणाऱ्याला दोन्ही मिळतील. बाबांच्या वाक्यात कोणी हात घालू नये.

नोंदवही

हे मला मान्य आहे. बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना विचारा, जहाज किनाऱ्याला लागल्यावर त्यातून उतरलेली माणसे त्यांनी पाहिली का? ते कुठल्याही पुस्तकात नीट आलेले नाही.

डिचोलीकडचा

कॅनबेरांचा उल्लेख आला म्हणून लिहितोय. हे मी आजवर घराबाहेर बोललो नव्हतो.

माझे वडील हवाई दलात आर्मरर, म्हणजे विमानांत दारूगोळा चढवणारे, होते, पुण्याला. मूळ आम्ही डिचोलीचे. वडील लहानपणी मामाकडे मुंबईला शिकायला गेले आणि तिथूनच भरती झाले. ५५ साली सरहद्दीवर नाकेबंदी झाल्यापासून त्यांना घरी जाता आले नव्हते. आजी डिचोलीत, धाकटा भाऊ वास्कोत बंदरावर कामाला. पत्रे यायची तीही आडवळणाने.

डिसेंबर ६१ मध्ये त्यांच्या हातून कॅनबेरांत बॉम्ब चढले. लक्ष्य कोणी सांगितले नव्हते, पण पुण्याच्या तळावर ते सगळ्यांना ठाऊक होते. बारा विमाने निघाली. वडील सांगत, की बॉम्बला फ्यूज बसवताना हात थरथरता कामा नये, म्हणून त्यांनी मनात आजीने शिकवलेली रामरक्षा म्हटली. भाऊ दाबोळीपासून फार तर तासाभराच्या वाटेवर होता. नंतर त्यांना कळले की वैमानिकांना फक्त धावपट्टी फोडायची, इमारतींना हात लावायचा नाही, असा हुकूम होता. हे कळल्यावर ते स्टोअरच्या मागे जाऊन रडले.

धावपट्टी फुटली, पण इतकी नाही. पोर्तुगीजांनी ती घाईघाईने बुजवली आणि त्याच रात्री दोन प्रवासी विमाने तिथून निसटून कराचीला गेली. पुढे वडिलांना त्यावरून कोणी छेडले की ते म्हणायचे, "गेली तर गेली. बायकापोरं होती त्यात."

काका वाचला. जानेवारीत वडील डिचोलीला आले. आजीने दारातच विचारले, "तू होतास त्यात?" त्यांनी हो म्हटले. आजीने पायांवर पाणी घातले आणि आत घेतले. त्यापुढे त्या विषयावर दोघे कधी बोलले नाहीत.

जुना_आर्टिफिसर

डिचोलीकडचा, तुमच्या वडिलांना माझा सलाम. ६४ साली हंस हा नौदलाचा हवाई तळ सुलूरहून दाबोळीला आला. नंतर मी त्याच धावपट्टीवर कित्येक वर्षे काम केले. तिथल्या जुन्या माणसांनी बुजवलेल्या जागा आम्हाला दाखवल्या होत्या. ते बॉम्ब कोणाच्या हातून चढले असतील, असा विचार मी कधी केला नव्हता. आज केला.

वास्कोची_लेक

माझ्या आईची आठवण. ७१ साली ती नवी नवरी, दाबोळीच्या नौदल वसाहतीत. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. पुरुष सगळे बाहेर, कोण कुठे ते माहीत नाही. बायका एका घरात रेडिओपाशी जमायच्या. ९ तारखेच्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कप्तान मुल्ला जहाजाबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी तिला बुडवणाऱ्या पाणबुडीचा शोध घेणारे आपले एक अलिझे विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. त्यात तीन माणसे होती.

बातमी वसाहतीत कशी आली ते आईला नीट सांगता येत नाही. तिला आठवते ते हे, की एका घरापुढे गाडी थांबली आणि बाकी सगळ्या घरांतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या, गाडी पुढे आपल्याकडे येते की काय म्हणून. आली नाही तेव्हा जे वाटले त्याची तिला अजून लाज वाटते. मी तिला सांगते, लाज कशाची? ती ऐकत नाही.

फोंड्याची_माई

आईला सांगा, त्या दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येकीला तेच वाटले असणार.

सासष्टीवाला

मराठी धाग्यावर आमच्या तारवट्यांचेही, बोटीवर नोकरी करणाऱ्यांचे, लिहा कोणीतरी, म्हणून मीच लिहितो. गोव्याची किती घरे बोटीवरच्या पगारावर उभी राहिली, ते दोन्ही धर्मांच्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे. युद्धात ही माणसे गणवेशात नव्हती. बोटीवरचे भटारी, बटलर, स्टुअर्ड. पण टॉर्पेडोला गणवेश दिसत नाही. मुंबईहून आफ्रिकेला निघालेली तिलावा ही बोट २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसे गेली. त्या बोटीवर आमच्या गावचा एकजण होता आणि तो वाचला. तो मुंबईतल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीवर, परतला तेव्हा त्याच्या नावाची मीस, मेलेल्यासाठीची चर्चमधली प्रार्थना, आधीच झाली होती. पुढच्या वर्षी तो पुन्हा बोटीवर गेला, कारण घरी पाच खाणारी तोंडे होती.

मुंबईला मस्जिद बंदरच्या नाविकगृहात युद्धात बुडालेल्या हिंदी खलाशांची नावे नोंदवलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातली सहा हजारांच्या आसपास, ज्यांना दर्याशिवाय दुसरी कबर नाही. त्या नावांत आपली गोव्याची आडनावे शोधायला कोणीतरी एकदा बसले पाहिजे.

सागरवेडा

मी मुंबईला आहे. मी बसतो.

झुवारीकाठ

फार मोलाचे. आता पुढचे. काहींनी निरोपातून विचारले आहे की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलते कसे करायचे. माझा अनुभव सांगतो.

"युद्धाच्या आठवणी सांगा" म्हटले की ते भाषणातली वाक्ये म्हणू लागतात. त्याऐवजी विचारा, झोपायचा कुठे, शेजारी कोण होता, चहा किती वाजता मिळायचा. शेजारी कोण होता यावरून सगळे उलगडते. विमानांजवळ आणि तोफांजवळ काम केलेल्यांचे कान बहुधा गेलेले असतात, तेव्हा समोर बसा, हळू बोला, आणि ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला. पंख्याचा आवाज फोनमध्ये फार येतो, तो बंद करा. दुपारी जेवणानंतर नको, सकाळी. मध्ये ते गप्प झाले तर तुम्ही बोलू नका. आणि बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात त्यांना घेऊन जा. तिथे अंगणात सी हॉक आहे, अलिझे आहे, जुने सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. आमच्या शेजारचे आजोबा घरी दोन वाक्ये बोलायचे. अलिझेच्या पंखाखाली उभे राहिल्यावर दोन तास बोलले, आणि पंखाच्या घडीचा बिजागर कुठे अडकायचा ते मला हात लावून दाखवले.

भीती वाटली का, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका.

नोंदवही

त्यात एक भर. सैन्यसेवेचे पुस्तक, जुने फोटो, पदकांचे कागद असतील तर त्यांचे फोटो आधी काढून ठेवा. त्यावर तारखा आणि जहाजांची नावे असतात. आठवण आणि कागद दोन्ही ठेवले की मला भांडायला जागा उरणार नाही. आणि ध्वनिमुद्रण सुरू केल्यावर लगेच सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख बोलून ठेवा. शाळेतल्या कपाटात माझ्याकडे अशा तीन कॅसेटी आहेत ज्यांत कोण बोलतोय ते कोणालाच सांगता येत नाही.

शिरदोणची_वाट

सर, बाबांना विचारले. उतरलेली माणसे त्यांनी पाहिली. संध्याकाळी, आजोबांनी दोर सोडल्यावर. ओले कपडे, काहींच्या पायांत बूट नाहीत. एकाने पाणी मागितले, पोर्तुगीजमध्ये, आणि माझ्या पणजीने कळशी दिली. बाबा म्हणतात, तो माणूस आधी कळशीकडे आणि मग पणजीकडे बघत राहिला. हे त्यांनी आम्हाला आजवर सांगितले नव्हते. "तुम्ही विचारलंच नाही," म्हणाले.

नोंदवही

हे लिहून ठेवा, आजच. मी उद्या शिरदोणला येऊ का? त्यांना चालणार असेल तर.

शिरदोणची_वाट

चालेल. सकाळी या, दहाच्या आत. डावा कान बरा आहे.